काटा ठरू दे

राजेगावला बाघ नदीच्या काठावर मी लिहिलेला पहिलाच आकडा खोडला गेला. १९८७ सालचा जून, सकाळचे आठ, मृगाचा वारा सुटलेला. नदीत उभ्या केलेल्या खांबावर सेंटिमीटरच्या रेघांची पट्टी असते, तिला आम्ही गेज म्हणतो. पाणी जिथे टेकलं असेल तो आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा, एवढंच काम. मी वाकलो, बघितलं, लिहिलं : बत्तीस. शेजारी गुडघाभर पाण्यात खलाशी उभे होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांनी वहीत डोकावून विचारलं, "बाबू, कोनत्या लाटेचे बत्तीस?"

मी पुन्हा पट्टीकडे पाहिलं. पाणी सव्वीसवर होतं. बघता बघता अडतीसवर गेलं आणि परत खाली आलं.

मामांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि बत्तीसवर आडवी रेघ मारली. मग त्यांची रीत समजावली. दहा लाटा मोजायच्या. प्रत्येक लाटेचा माथा कुठे पोचतो आणि तळ कुठे जातो ते मनात धरायचं, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. आम्ही तसं केलं. माथे सदतीस-अडतीसच्या आसपास, तळ पंचवीस-सव्वीसच्या. मध्य आला साडेएकतीस. म्हणजे माझं बत्तीस तसं फार चुकलं नव्हतं. मी ते बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "आज नाई चुकलं. लाट मधात होती तुमच्या नशिबानं."

राजेगाव बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. पूल ओलांडला की कोरणी, मग रावणवाडी, मग गोंदिया. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. नदीच्या दोन्ही काठांवर धान तोच, पोवारी बोली तीच, झाडीबोली आणि हिंदी दोन्ही सगळ्यांना येतात. सरहद्द नकाशावर आणि एसटीच्या तिकिटात. बाघ नदी येते महाराष्ट्रातल्या देवरी-चिचगडकडच्या डोंगराळ भागातून, शिरपूर, पुजारीटोला, कालीसराड ही धरणं तिच्याच खोऱ्यातली, आणि राजेगावच्या खाली ती वैनगंगेला मिळते. केंद्रीय जल आयोगाचं नदीमापन केंद्र इथे आहे, ते याच कारणाने. पुलाजवळ पाणी किती चढलं हे कळलं की खालच्या गावांना किती वेळ आहे हे सांगता येतं. पावसाळ्यात पूर असला की तासातासाला आकडा, वायरलेसवर.

मला ही नोकरी मिळाली तेव्हा वडिलांना त्यात नवल वाटलं नाही. ते गोंदियाच्या धान बाजारात मापाडी होते. त्यांच्या मते मीही मापाडीच झालो होतो, फक्त धानाऐवजी पाण्याचा.

त्यांचा तो काटा मला अजून दिसतो. छताच्या तुळईला टांगलेला, दोन मोठी पारडी, मध्ये लोखंडी दांडी आणि तिच्या पोटात बारीक धारेवर टेकलेला टेकू. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. पोतं ठेवलं की दांडी डावीकडे जायची, उजवीकडे जायची, परत डावीकडे. शेतकरी घाईत, अडत्या त्याहून घाईत, बैल रस्त्यात जुंपलेले. वडील हाताने दांडी कधी थांबवत नसत. म्हणायचे, "काटा ठरू दे." आणि ठरला असं वाटलं तरी दांडीला बोटाने हलकी टिचकी मारायचे. ती पुन्हा जराशी हलायची, पुन्हा ठरायची, मग आकडा.

ही टिचकी कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. टेकूची धार गंजली की काटा लवकर ठरतो. घाईतल्या माणसाला हे बरंच वाटतं. पण तो खऱ्या जागी ठरत नाही, खऱ्याच्या आसपास जिथे घर्षणाने त्याला धरलं तिथे अडकतो. कोरडं घर्षण असंच असतं. हेलकावा मोठा असो की लहान, ते दर खेपेला साधारण सारखाच तुकडा तोडून घेतं, आणि हेलकावा त्या तुकड्याहून लहान झाला की जागच्या जागी धरून बसतं. टिचकीने ती पकड सुटते आणि दांडी खऱ्या जागेकडे सरकते. तेलाचं किंवा हवेचं घर्षण वेगळं. वेग असला तरच ते धरतं, वेग संपला की सोडून देतं. म्हणून त्यात हेलकावा हळूहळू मरतो, पण मरतो तो बरोबर मधोमध.

गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात मी जे थोडंफार शिकलो त्यात लंबकाचा प्रयोग होता. मीटरभर दोरा, खाली पितळी गोळा, एका पूर्ण हेलकाव्याला दोन सेकंद. आम्ही वीस हेलकावे मोजायचो, वेळ घ्यायचो, गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचो आणि मोकळे व्हायचो. हेलकावा लहान लहान होत जातो याकडे लक्ष द्यायचं नसतं, असंच वाटायचं. एकदा प्रयोगशाळेतल्या सरांनी वेळ सोडून फक्त तेच मोजायला सांगितलं. सुरुवातीला वीस सेंटिमीटर. ठरावीक हेलकाव्यांनंतर अठरा. तेवढेच हेलकावे आणखी झाले की सोळा नाही, सोळाच्या थोडं वर. पुढे साडेचौदा. दर टप्प्याला दोन सेंटिमीटर नव्हे, दर टप्प्याला दहावा हिस्सा जातो. असलेल्यातला दहावा हिस्सा. आणि गंमत अशी की हेलकावा निम्मा झाला तरी वेळ जवळजवळ तोच, दोन सेकंद. याला पुस्तकात अवमंदन म्हणतात. राजेगावात हा शब्द मी एकदाच उच्चारला. मामांनी विचारलं, ही कोणती बिमारी?

राजेगावचा लंबक मी पुलावर पाहिला, आणि तो मीटरभर दोऱ्याचा नव्हता. पाणी फार असलं की नाव घालता येत नाही, मग पुलावरून डिस्चार्ज, म्हणजे प्रवाहाचं माप, घेतात. पोलादी तारेच्या टोकाला वेगमापक, त्याच्याखाली माशाच्या आकाराचं जड वजन, शेपटीसकट. त्याला फिश वेटच म्हणतात. प्रवाहात तारेने सरळ खाली राहावं म्हणून ते असतं. तार सोडताना ते वजन आठ-नऊ मीटर हवेत लोंबकळतं. वाऱ्याने एकदा हललं की हलतच राहतं. घड्याळ लावलं तर एका हेलकाव्याला साडेपाच सेकंदांहून थोडं जास्त, लंबकाच्या सूत्राने आठ मीटरला यायला हवा तेवढाच वेळ. दोन माणसं कठड्याला टेकून ते ठरायची वाट बघतात, मागून बालाघाटकडे जाणारा ट्रक येतो, पूल थरथरतो, आणि ते पुन्हा हलायला लागतं. पण तेच वजन पाण्याला टेकलं की पहिल्याच हेलकाव्यात त्याची सगळी मिजास उतरते. हवेत शंभर हेलकाव्यांत जे जात नाही ते पाणी एकात काढून घेतं.

इथपर्यंत सोपं आहे. पण पुराच्या दिवसात त्या तारेला हात लावला तर ती गुणगुणत असते. कान लावला तर तंबोऱ्याच्या खर्जासारखा बारीक नाद येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पुलावरून काहीतरी येतंय. तारेच्या मागे पाण्याचे भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आळीपाळीने, आणि प्रत्येक भोवरा तारेला एक बारीक झटका देतो. व्हिन्सेन्ट्स स्ट्रूहाल नावाच्या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ साली वाऱ्यात वाजणाऱ्या तारांचा अभ्यास करून याचा हिशेब मांडला होता. वेगाला जाडीने भागायचं आणि साधारण पाचवा हिस्सा घ्यायचा. दोन मीटर वेग आणि तीन मिलिमीटर तार असेल तर सेकंदाला सव्वाशेच्या वर झटके. म्हणजे जे पाणी वजनाचं हलणं काढून घेतं, तेच पाणी तारेला हलवतं. घेणं जास्त की देणं जास्त, यावर सगळं. देणं जास्त झालं तर काय होतं ते अमेरिकेतल्या टॅकोमा इथे ७ नोव्हेंबर १९४० रोजी दिसलं. वाऱ्यात झुलता पूल पिळवटत गेला, प्रत्येक पिळाला वाऱ्याकडून आणखी बळ घेत गेला, आणि कोसळला. त्या पुलाची वळवळ मरायच्या ऐवजी वाढत होती. राजेगावच्या पुलाबद्दल घाबरायचं कारण नाही, तो असा झुलता नाही. पण पुराच्या रात्री ती तार हातात धरून उभं राहिलं की टॅकोमा आठवतो खरा.

पट्टीवरच्या लाटांवर मामांचा उपाय या सगळ्याच्या आधीचा. दहा लाटा मोजणं उन्हाळ्यात ठीक. पुरात, रात्री, छत्री एका हातात आणि टॉर्च दुसऱ्या, पट्टीवर पाणी वीस-वीस सेंटिमीटर आपटत असताना माथा आणि तळ धरणं डोळ्यांना झेपत नाही. मामांकडे डालड्याचा मोठा डबा होता, वरचं झाकण कापलेलं, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. मामा तो पट्टीला लागून पाण्यात अर्धा बुडवून धरत. बाहेर लाटा आपटत असायच्या, डब्यातलं पाणी जेमतेम बोटभर वरखाली. त्या पाण्याची रेघ सरळ पट्टीवर वाचायची.

भोकं किती, यावर मामांचं मत पक्कं होतं. चार. मी एकदा नवा डबा आणला आणि बुडाला एकच भोक पाडलं, कारण माझ्या डोक्यात होतं की भोक जितकं कमी तितकं पाणी स्थिर. झालंही तसंच. डब्यातलं पाणी आरशासारखं. मी खूश. मामा म्हणाले, आता वर उचला थोडं आणि सोडा. मी डबा हातभर वर घेऊन रिकामा होऊ दिला आणि परत खाली धरला. आत पाणी यायला इतका वेळ लागला की मी मनात साठपर्यंत मोजलं. तेवढ्यात नदी कुठे गेली असेल ते तुम्हीच सांगा, असं मामांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी दुसऱ्या टोकाचाही डबा दाखवला. बुडाला चाळणीसारखी भोकं, जुना फसलेला. त्यात लाट बाहेरच्यासारखीच हलते. चार भोकं त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. डबे वाया घालवून घेतली होती.

बालाघाट रस्त्यावरचा मोटरसायकल मिस्त्री हीच गोष्ट वेगळ्या तोंडाने सांगायचा. शॉकअपमधलं तेल गळालं की गाडी एका खड्ड्यातून निघाली तरी पुढचे चार हेलकावे घेत जाते. तेल जाड घातलं तर उलटं, खड्ड्यात दबलेली गाडी वर येईपर्यंत पुढचा खड्डा येतो, आणि शेवटी दबलेलीच राहते. बरोबर तेल म्हणजे गाडी दबावी, एकदाच वर यावी आणि तिथेच थांबावी. आत एक दट्ट्या असतो आणि त्याच्या भोकांतून तेल इकडून तिकडे जातं. भोकं आणि तेल, एवढ्यावर सगळं. पुस्तकात त्या बरोबर जागेला क्रांतिक अवमंदन म्हणतात. म्हणजे हेलकावा न घेता सगळ्यात लवकर जागेवर येणं. मिस्त्री त्याला म्हणायचा, "गाडी एकाच बार बैठनी चाहिए."

माझी खरी चूक राजेगावची नाही. ती पुढे दुसऱ्या एका केंद्रावर झाली. त्याचं नाव इथे नको. तिथे काठावर गेजची विहीर होती, काँक्रीटची, एक मीटर व्यासाची, आणि नदीपासून विहिरीपर्यंत जमिनीतून गेलेली नळी, सहाएक मीटर लांब, दहा सेंटिमीटर व्यासाची. विहिरीत तराफा तरंगतो, त्याची तार वर एका चाकावरून जाते, चाक पेन हलवतं, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर रेघ उमटते. मामांचा डबाच, पण सरकारी आकाराचा. मी तिथे रुजू झालो तेव्हा मला तो थाट फार आवडला. रात्री उठायचं नाही, भिजायचं नाही. सकाळी कागद काढायचा, रेघ वाचायची.

त्या विहिरीचाही स्वतःचा हेलकावा असतो, हे मी बसून काढलं होतं. नळीतलं पाणी म्हणजे वजन, विहिरीतली चढउतार म्हणजे स्प्रिंग. विहिरीचं क्षेत्रफळ नळीच्या शंभरपट, त्यामुळे विहिरीत बोटभर पाणी चढायचं तर नळीतल्या पाण्याला शंभर बोटं पळावं लागतं. हिशेब केला तर विहिरीचा आवर्तकाल पन्नासेक सेकंद येतो. वाऱ्याच्या लाटा दोन-तीन सेकंदांच्या. त्या विहिरीपर्यंत पोचतच नाहीत. विहीर हलायला लागेपर्यंत लाट उलटलेली असते. पण कधी कधी पुरात नदीचं पाणी काठाशी मिनिटामिनिटाने फुगतं आणि बसतं, तेव्हा मात्र विहिरीचा वेळ आणि नदीचा वेळ जुळतो आणि विहीर नदीपेक्षाही जास्त हलते. अनुनाद. आमच्या विहिरीत हे अधूनमधून व्हायचं. कागदावर रेघेऐवजी करवतीचे दात यायचे. माझ्या आधीच्या कुणीतरी त्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाशी बारीक भोकाची पत्र्याची चकती बसवली होती. दात गेले. रेघ रेशमासारखी झाली.

पावसाळ्याच्या मध्यावर एका दुपारी त्या रेघेकडे बघून मी वायरलेसवर आकडा दिला. तासाने पुन्हा दिला, चार सेंटिमीटर जास्त. पाऊस जोरात होता, पण रेघ शांत चढत होती, आणि मला ती इतकी आवडायची की बाहेरच्या पट्टीकडे मी दोन दिवस फिरकलो नव्हतो. तिथले खलाशी तरुण होते. ते छत्री झाडत आत आले आणि म्हणाले, "साहेब, पानी त पायरीवर आलं अन् तुमचा पेन जागचा हालत नाई."

मी बाहेर गेलो. पट्टीवर पाणी आणि कागदावरचं पाणी यांत ऐंशी सेंटिमीटरचा फरक होता.

पुढचं काम भराभर झालं. दुरुस्त आकडा दिला, आधीचे दोन रद्द करायला सांगितले, वरून जे ऐकायचं ते ऐकलं. खालच्या गावांना त्या दोन तासांमुळे काही झालं नाही, पूर तेवढा मोठा नव्हता. पाणी उतरल्यावर नळी उघडली तर चकतीच्या भोकात गाळ, धानाचं पिंजर आणि एक शिंपला. दहा सेंटिमीटरच्या नळीतून करंगळीएवढी वाट उरली होती.

मला छळत राहिला तो वेगळाच प्रश्न. गाळ एका दिवसात साचत नाही. महिनाभर वाट बारीक होत आली असणार. मग महिनाभर काहीच फरक कसा दिसला नाही? रात्री बसून हिशेब मांडला. नदी तासाला मीटरभर चढतेय असं धरा, म्हणजे चांगलाच पूर. उघड्या नळीत त्यासाठी पाण्याला सेकंदाला तीन सेंटिमीटरही धावावं लागत नाही. एवढ्या वेगाला विहीर नदीच्या किती मागे राहील? केसाच्या जाडीएवढीही नाही. आता वाट दहावा हिस्सा व्यासाची करा, एक सेंटिमीटर. क्षेत्रफळ शंभर पटीने घटलं, वेग शंभर पटीने वाढायला हवा. पण वेग वाढवायला लागणारा पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभराचा वर्ग दहा हजार. केसाहून बारीक त्या फरकाचे दहा हजार पट केले की चाळीस सेंटिमीटर होतात, आणि भोकाच्या कडेला पाणी आकसतं तो तोटा धरला तर मीटरच्याही वर. म्हणजे व्यास निम्मा झाला तरी काही कळणार नाही. चौथाई झाला तरी कळणार नाही. आणि शेवटी एक शिंपला अडकतो आणि विहीर कालची नदी दाखवायला लागते.

त्या दिवसानंतर मला सरळ रेघेचा संशय यायला लागला. कागदावर थोडी थरथर असली की बरं वाटायचं. विहीर श्वास घेतेय, वाट मोकळी आहे. चकती मी काढून टाकली आणि मोठ्या भोकाची बसवली. करवतीचे दात परत आले, त्यांतून मध्य काढायचा त्रासही. वरच्या साहेबांना ते आवडलं नाही, त्यांना रेशमी रेघ पाहिजे होती. मी दर आठवड्याला विहिरीतून दोन बादल्या पाणी उपसून ते परत किती वेळात भरतं ते घड्याळ लावून बघायचो आणि वहीत लिहायचो. मामांनी डबा उचलून दाखवला होता, तेच.

बदल्या होत होत मी पुन्हा आमच्या भागात आलो. पुढच्या काळात रडार आले. पुलाच्या कठड्यावर एक डबी बसवायची, ती खाली पाण्याकडे लहरी सोडते, परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते आणि आकडा थेट पाठवते. तिच्यात पाणी नाही, भोक नाही, शिंपला अडकायची सोय नाही. पण लाटा आहेतच. ती करते काय, तर एकामागून एक बरेच आकडे घेते आणि सरासरी पाठवते. किती सेकंदांची सरासरी, ते माणसाने आत भरायचं असतं. थोडी ठेवली तर लाटा दिसतात, फार ठेवली तर पूर उशिरा दिसतो. मामांची चार भोकं आता एका आकड्यात आली आहेत, आणि तो आकडा बसवणारी बरीच मुलं नदीत कधी उतरलेली नाहीत. यंत्र चांगलं आहे, यात वाद नाही. भर पुरात पट्टीपर्यंत पोचता येत नसताना ते रात्रभर जागतं. पण ज्या केंद्रावर यंत्र बसलं म्हणून पट्टीचा रंग उडाला तरी कुणी रंगवत नाही, त्या केंद्राच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला, गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. घरी बसून बातम्या बघत होतो आणि कुणी "पाणी स्थिर आहे" म्हटलं की मला ती रेशमी रेघ आठवत होती. वैनगंगा भरली की बाघेचं पाणी पुढे जायला जागा राहत नाही, ते मागे फुगतं. फुगवट्याचं पाणी बघायला फार शांत असतं. खळखळ नाही, लाट नाही. धानाच्या बांध्यांत ते आवाज न करता शिरतं. काठावर उभा असलेला नवखा माणूस म्हणतो, नदी निवांत आहे. पट्टीवर मात्र आकडा चढत असतो.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा तो डबा शेवटी गंजून बुडाला फुटला. वडिलांचा काटाही बाजारातून गेला, आता इलेक्ट्रॉनिक आहेत. पोतं ठेवलं की आकडे थोडे पळतात आणि मग थांबतात. तिथेही आत कुणीतरी थांबायचा वेळ ठरवून ठेवला आहेच. मी अजूनही आकडा थांबला की काट्याच्या कडेला हलकी टिचकी मारतो. दुकानदाराला वाटतं, म्हाताऱ्याचा आपल्यावर विश्वास नाही.

गोंदियाहून बालाघाटला जाताना कधी वेळ असला तर पुलाच्या अलीकडे, कोरणीच्या बाजूने, नदीत उतरा. पाणी उतरलेलं असताना, पुरात नाही. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापा, बुडाला खिळ्याने भोकं पाडा आणि ती काठाशी अर्धी बुडवून धरा. आधी एक भोक, मग चार, मग दहा. बाटलीतलं पाणी ठरलं की बाहेरच्या दहा लाटा मोजा, मध्य काढा आणि ताडून बघा. चार भोकं बरोबर येतील असं मी सांगत नाही, तो हिशेब डालड्याच्या डब्याचा होता. आणि बाटली नदीत टाकू नका, सोबत परत न्या.